मोटार आणि मोबाईल : एका विद्यार्थिनीचे पाच प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘वीज आणि दळणवळण’ असा छापलेला आहे. विषय मोठा आहे, तासाभरात आवरायचा नाही. पण संयोजकांनी एक चांगलं काम केलं. श्रोत्यांकडून आधीच प्रश्न मागवले. त्यात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीनं पाच प्रश्न लिहून दिले आहेत. ते वाचल्यावर मला वाटलं, वेगळं भाषण कशाला तयार करायचं? याच पाच प्रश्नांची उत्तरं देऊ. शेतकऱ्यालाही ती उपयोगी पडतील आणि परीक्षेला बसणाऱ्यालाही.

प्रश्न असे आहेत. एक, मोटारीच्या रोटरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते, मग तो फिरतो कसा? दोन, सूत्रानं वेग १५०० येतो आणि मोटारीच्या पाटीवर १४४० लिहिलेलं असतं, उरलेले ६० फेरे कुठं जातात? तीन, एक फेज गेली तरी चालू मोटार फिरत राहते, मग ती जळते का? चार, मोबाईलवरून मोटार चालू होते, तेव्हा मोबाईलमधून नेमकं काय जातं? आणि पाचवा प्रश्न तिच्या शब्दांत सांगतो : “मशिन्सच्या पेपरात साइन वेव्ह आहे, कम्युनिकेशनच्या पेपरातही साइन वेव्ह आहे. मग हे दोन विषय वेगळे का? आमच्या शेताची पाळी रात्रीची आली की वडिलांना नदीवर जावं लागतं. घरून मोटार चालू करायची पेटी मला स्वतः बनवायची आहे. त्यासाठी कोणता विषय नीट शिकू?”

पाचवा प्रश्न नुसता परीक्षेचा नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर ज्यांचा ऊस आहे त्यांना मी काय सांगावं? शेतीला थ्री फेज लाईट अनेक वर्षं पाळीनं मिळत आली आहे, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकऱ्यांनी धरणं धरलं होतं. रात्री एक वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जाणं म्हणजे काय, पायाखाली काय येईल याची धास्ती म्हणजे काय, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. म्हणून त्या प्रश्नाकडं आपण नीट, पायरी पायरीनं जाऊ.

आधी रोटर. मोटारीच्या बाहेरच्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याची तीन वायंडिंग बसवलेली असतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका सेकंदात ५० लाटा. एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात. तीन फेजची शिखरं एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात, साधारण पावणेसात मिलिसेकंदांच्या अंतरानं. पहिल्या वायंडिंगमधलं चुंबकत्व जोरात येतं, ते ओसरायला लागतं तोवर दुसऱ्यातलं वाढतं, मग तिसऱ्यातलं. वायंडिंग जागेवरच, पण चुंबकत्वाचा जोर गोल फिरतो. यात्रेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, पालखी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. माणसं जागेवर असतात, पालखी पुढं जाते. तसंच हे.

आता या फिरत्या चुंबकत्वाच्या मधोमध रोटर ठेवला. त्यात ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी जोडलेल्या असतात. चुंबकत्व कांड्यांवरून झरझर जातं, त्यामुळं कांड्यांत वीज उत्पन्न होते. हा फॅरडेचा १८३१ चा शोध. त्या विजेवर चुंबकत्वाचा जोर बसतो आणि रोटर ओढला जातो. थोडक्यात, ही मोटार म्हणजे ज्याचं दुसरं वेटोळं फिरायला मोकळं सोडलंय असा ट्रान्सफॉर्मरच आहे. बाहेरून वायर नाही, ब्रश नाही, ठिणगी नाही. म्हणूनच ती पाण्यात, चिखलात, धुळीत वर्षानुवर्षं चालते. निकोला टेस्ला यांना अशा मोटारीची पेटंटं १८८८ साली मिळाली, आणि आज आपल्या नदीकाठची मोटार त्याच तत्त्वावर फिरते.

याच्यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. चार पोलच्या मोटारीत चुंबकत्व मिनिटाला १५०० फेरे मारतं. १२० गुणिले ५०, भागिले ४. समजा, रोटरनंही १५०० चा वेग गाठला. मग चुंबकत्व आणि रोटर बरोबरीनं पळतील. कांड्यांवरून काहीच सरकणार नाही, वीज उत्पन्न होणार नाही, ओढ बसणार नाही. म्हणजे रोटर चुंबकत्वाच्या थोडा मागं राहिला तरच त्याला ओढ मिळते. मिनिटाला ६० फेरे मागं राहणं म्हणजे चार टक्के. याला ‘स्लिप’ म्हणतात. ते ६० फेरे वाया जात नाहीत, त्या फरकावरच मोटार चालते. भार वाढला की रोटर आणखी थोडा मागं पडतो, कांड्यांतली वीज वाढते, ओढही वाढते. रिकामी मोटार १५०० च्या अगदी जवळ पळते. तेव्हा मोटार किती मागं पडली आहे, यावरून तिच्यावर भार किती आहे ते कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिसरा प्रश्न खिशाला लागणारा आहे. चालू मोटारीची एक फेज गेली, फ्यूज उडाली किंवा डीपीवर वायर तुटली, तरी मोटार फिरत राहते. पंपाला तर तितकंच पाणी ओढायचं आहे. तीन फेजमधून जे काम होत होतं ते आता दोन वायरींवर आलं. ढोबळ हिशेबानं त्या दोन वायरींमधला करंट १.७३ पट होतो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.७३ चा वर्ग किती? तीन. म्हणजे उष्णता तिप्पट. काठावर उभ्या माणसाला मोटार फिरताना दिसते, पाणी पडताना दिसतं, आणि आत वार्निश भाजत असतं.

उभ्या मोटारीचं तर याहून वाईट. एक फेज नसताना स्विच दाबला तर चुंबकत्व गोल फिरतच नाही, जागच्या जागी पुढं-मागं होतं. मोटार नुसती घुमते, सुरू होत नाही, आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढत राहते. काही मिनिटांत वायंडिंग जातं आणि मोटार भरायला टाकावी लागते. उसाला पाणी द्यायची वेळ आणि मोटार भरायला, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

इथं ऑटोस्विचबद्दल बोललं पाहिजे. लाईट आली की ऑटोस्विच आपोआप मोटार चालू करतो, रात्री जायला नको म्हणून लोक तो बसवतात. माणसाची अडचण खरी आहे. पण एका डीपीवर पंधरा मोटारी असतील आणि पंधराही ऑटोवर असतील, तर लाईट येताक्षणी सगळ्या एकदम उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटार पाच-सहा पट करंट मागते. व्होल्टेज बसतं, मोटारी उठत नाहीत, डीपीची फ्यूज जाते किंवा डीपीच जळते. मग गावाची आठ-आठ दिवस पंचाईत. म्हणून महावितरण सांगत असतं की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कपॅसिटर, आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो तो, मोटारीला लागणारं चुंबकत्वाचं देणं-घेणं जागेवरच भागवतो, त्यामुळं लाईनवरचा करंट कमी होतो आणि शेवटच्या मोटारीपर्यंत व्होल्टेज टिकतं. ऑटोस्विचला डोळे नसतात, हा त्याचा दोष. लाईट आली एवढंच त्याला कळतं. शेजारच्या चौदा मोटारींचं काय चाललंय, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

आता चौथा प्रश्न : मोबाईलमधून काय जातं?

एसटीचं उदाहरण घेऊ. कंडक्टर एक बेल मारतो, गाडी थांबते. डबल बेल मारतो, गाडी निघते. आता मला सांगा, गाडी बेलच्या जोरावर चालते का? नाही, ती डिझेलवर चालते. बेल फक्त सांगते. आणि बेल कधी सांगते? शांतता असते आणि मधेच वाजते तेव्हा. बेल बिघडून सारखी वाजत राहिली तर ड्रायव्हरला त्यातून काय कळेल? काहीच नाही. सिग्नलची सगळी गोष्ट या बेलमध्ये आली. जी लाट एकसारखी चालते ती काम करू शकते, पण बातमी देऊ शकत नाही. बातमीसाठी लाटेत काहीतरी बदलावं लागतं.

मोबाईल स्टार्टरच्या साध्या पेटीत एक सिमकार्ड असतं. तुम्ही फोन लावता, पेटी तो उचलते, तुम्ही १ दाबता. तेव्हा पेटीच्या कानावर दोन सूर एकदम पडतात, ६९७ हर्ट्झचा आणि १२०९ हर्ट्झचा. ५ दाबलं असतं तर ७७० आणि १३३६. प्रत्येक बटणाची अशी दोन सुरांची जोडी ठरलेली आहे. दोनच सूर का? एकच सूर असता तर कुणी शिट्टी मारली, कुत्रं भुंकलं, तरी पेटीला वाटलं असतं बटण दाबलं. हे आकडेही असे निवडलेत की एक सूर दुसऱ्याची दुप्पट-तिप्पट येत नाही. त्यामुळं माणसाच्या बोलण्यात नेमकी ती जोडी, तितका वेळ येण्याची शक्यता फार थोडी. पेटीतली चिप ती जोडी ओळखते, एक छोटा रिले ओढते, रिले स्टार्टरच्या मोठ्या कॉन्टॅक्टरला वीज देतो, आणि मोटार उठते.

हिशेब बघा. पेटीच्या अँटेनावर येणारा सिग्नल, रेंज चांगली असली तरी, एका वॉटचा शंभर अब्जावा भाग असा काहीतरी असतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे साधारण ३७०० वॉट. त्या सिग्नलनं मोटार काय, मुंगीही हलणार नाही. टॉवरवरून येते ती डबल बेल, डिझेल येतं डीपीवरून.

“बोलण्याचा आवाज थेट हवेतून का पाठवत नाहीत?” असंही तिनं खाली लिहिलंय. अँटेना नीट काम करायला तिची लांबी लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लागते. १००० हर्ट्झची रेडिओलाट ३०० किलोमीटर लांब. तिचा चौथा हिस्सा ७५ किलोमीटर. म्हणजे कागलमध्ये अँटेनाचं एक टोक रोवलं तर निपाणी गेली, संकेश्वर गेलं, तरी दुसरं टोक यायचं नाही. याउलट मोबाईलची ९०० मेगाहर्ट्झची लाट सुमारे ३३ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा आठ सेंटिमीटर. तो खिशात मावतो. म्हणून बातमी जलद लाटेच्या पाठीवर बसवायची, म्हणजे त्या लाटेत बातमीप्रमाणं बदल करायचे, आणि पलीकडं उतरवून घ्यायची. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. पुस्तकात चार पानं सूत्रं आहेत, पण मूळ गरज ही एवढी.

भारतात या कल्पनेला शेतावर आणणाऱ्यांमध्ये पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या पंप चालू-बंद करणाऱ्या यंत्राला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. नोकियासारख्या कंपनीला त्यात नवल का वाटलं असेल? कारण ज्या वस्तूचा उपयोग बोलण्यापुरता समजला जात होता, तिचा उपयोग रात्रीची पायपीट वाचवायला झाला.

आता पाचवा प्रश्न. हे दोन विषय वेगळे का?

बाळ, विषय दोन आहेत, पण सामान एकच आहे : वेटोळं आणि कंडेन्सर. सबस्टेशनच्या कुंपणाबाहेरून कधी बघा. काही ठिकाणी हाय टेन्शन लाईनला पिंपासारखं एक मोठं वेटोळं टांगलेलं दिसतं. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. पूर्वीपासून एका सबस्टेशनचा निरोप दुसऱ्या सबस्टेशनला त्याच वीजवाहिनीवरून पाठवतात. तारेतून ५० हर्ट्झची वीज जाते आणि तिच्यावरच लाखभर हर्ट्झचा निरोप जातो. निरोप यंत्रांत शिरून वाया जाऊ नये म्हणून ते वेटोळं. एक मिलिहेन्रीचं वेटोळं ५० हर्ट्झला जेमतेम ०.३ ओहम अडथळा करतं, म्हणजे वीज सुखानं जाते. तेच वेटोळं दोन लाख हर्ट्झला साडेबाराशे ओहमचा अडथळा करतं, म्हणजे निरोपाला दार बंद. कंडेन्सर बरोबर उलटा वागतो, तो निरोप उतरवून घेतो आणि ५० हर्ट्झला थोपवतो. एकाच तारेवरून काम आणि बातमी जातात आणि शेवटी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

आणखी एक गंमत सांगतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ५० हर्ट्झची लाट चालते. देशात विजेची मागणी उत्पादनापेक्षा वाढली की सगळे जनरेटर किंचित हळू होतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या जराशी खाली येते. नियंत्रण कक्षातले लोक तो आकडा बघून उत्पादन वाढवतात. म्हणजे काम करणाऱ्या लाटेतही बातमी असते, पण ती कधी दिसते? लाट बदलते तेव्हाच. मोटार मागं पडण्यातून भार सांगते, तसाच हा प्रकार.

मग तुझी पेटी. १ दाबल्यावर मोटार चालू करणं हा त्यातला सोपा भाग आहे, बाजारातल्या चिपा आणून तो जमेल. अवघड आहे तो परतीचा निरोप. ‘मोटार चालू झाली’ असं पेटीनं तुला सांगायचं, पण कशाच्या आधारावर? कॉन्टॅक्टर ओढला एवढ्यावर सांगितलं, तर ती ऑटोस्विचइतकीच आंधळी. मोटार एक फेज गेल्यामुळं घुमत असेल, फूट व्हॉल्व्ह गळून पंपानं हवा धरली असेल, आणि वडील घरी निर्धास्त झोपलेले असतील. म्हणून पेटीनं करंट मोजला पाहिजे, तीनही वायरींचा. पाच हॉर्सपॉवरला भरल्या भारावर साधारण साडेसात अँपिअर. तीनही वायरींत तेवढा असेल तर पाणी चालू. एकीत शून्य आणि दोघींत फार जास्त, तर फेज गेली, लगेच बंद कर आणि कळव. तिन्हींत निम्म्याच्या आसपास, तर पंप कोरडा फिरतोय. हे आकडे वाचायला मशिन्सचा पेपर लागतो आणि ते घरी पोचवायला कम्युनिकेशनचा. एकच शिकलीस तर एक तर मुकी पेटी होईल, नाही तर खोटं बोलणारी. शिवाय लाईट आल्यावर प्रत्येक पेटीनं वेगवेगळी काही मिनिटं थांबून मोटार उठवली, तर डीपीवरचा तो एकदमचा दणका टळेल. थ्री फेजची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची.

शेवटची गोष्ट सगळ्यांसाठी, ज्यांच्याकडं अशी पेटी आजच आहे त्यांच्यासाठी विशेष. सिग्नलला पलीकडं कोण उभं आहे ते दिसत नाही. घरून कुणीतरी १ दाबलं आणि त्याच वेळी दुसऱ्याचा हात पंपाच्या कपलिंगवर असला, तर पेटी आपलं काम चोख करणार. म्हणून पेटीनं ठराविक नंबरांचेच फोन घ्यावेत. पेटीवर ‘घरून’ आणि ‘जागेवरून’ असा वेगळा स्विच असावा. आणि मोटारीला हात लावण्याआधी, घरी फोन करून सांगितलेलं असलं तरीसुद्धा, मेन स्विच पाडायचा, तिन्ही फ्युजा काढायच्या आणि आपल्याच खिशात ठेवायच्या. फ्युजा खिशात असेपर्यंत कितीही वेळा १ दाबलं तरी मोटार उठत नाही.

 आता राहिलेले प्रश्न घेऊ.